उद्या वेळेवर आणा

तो दिवा मालव आधी. किडे येतात. आणि गच्चीवर बसायचं तर अंधारातच बसावं, नाहीतर खाली हॉल काय वाईट होता?

येताना सायकली बघितल्या मी तुमच्या. जिन्याखाली तिन्ही एकीला एक टेकवून ठेवल्यात. झकास आहेत. आमच्या वेळी अशा असत्या तर आम्ही घरी आलोच नसतो. उद्या संध्याकाळी तलावाच्या कडेची वाट धरणार म्हणे? जा की. मी कोण नको म्हणणारा! तुमची आई मघापासून मला डोळ्यांनी खुणावतेय, "दादा, तूच सांग यांना काहीतरी." सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा.

ही माझ्या साडूची गोष्ट. म्हणजे तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लहानपणी पाहिलाय तुम्ही त्याला. उंच, जरासा वाकलेला. शाळेची बस चालवायचा. सकाळी पोरं गोळा करायची, दुपारी घरोघरी सोडायची. दाराशी गाडी उभी केली की दोनदा हॉर्न. म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं पोंपों काका. त्याच्या बायकोला सुद्धा बाजारात लोक पोंपों काकू म्हणायचे, आणि ती जाम चिडायची.

माणूस कामात चोख. त्याचा एक नियम होता. घरातलं मोठं माणूस दारात दिसल्याशिवाय मूल खाली उतरवायचं नाही. आई, आजोबा, कोणीही चालेल, पण दिसलं पाहिजे. एकदा एका वकिलाच्या घरी कोणी दार उघडेना, तर त्यांच्या पोराला घेऊन हा पठ्ठ्या परत शाळेत गेला आणि वकील येईपर्यंत ऑफिसात त्याच्याशी पत्ते खेळत बसला. वकिलाने आभार मानायचे सोडून वाद घातला. याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, मूल म्हणजे पार्सल नव्हे. दारात टाकून जाता येत नाही."

पण कलकलाट! दिवसभर पन्नास पोरांचा कलकलाट. याला चिमटा काढला, त्याने डबा सांडला, हिला उलटी होतेय. घरी यावं तर सासूबाईंचा टीव्ही. सासूबाई आमच्या दोघांच्याही, पण राहायला त्याच्याकडे. नशीब एकेकाचं. आणि त्याची स्वतःची मुलगी तेव्हा चौथीत, तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. एकदा मला म्हणाला, "दादा, रात्री झोपतो तेव्हा सुद्धा माझ्या कानात कोणीतरी 'काका, काका' करत असतं."

मग त्याने कोणाकडून तरी जुनी सायकल घेतली. रोज संध्याकाळी तासभर तलावाची वाट. तुम्ही उद्या जाणार आहात तीच. पुलावरचा मोठा रस्ता नाही, खालची, झाडांतून जाणारी. पहिल्या आठवड्यात घरी आला आणि मला फोन केला. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून न्हाणीघरातून बोलत होता. म्हणाला, "दादा, तिथे कोणीच नसतं हो. पॅडल थांबवलं की फ्रीव्हीलची टिकटिक, आणि तीही थांबली की काहीच नाही. पानावरून किडा चालला तर ऐकू येतो. मला माहीतच नव्हतं की मी इतका दमलोय." आवाज असा, की नवीन लग्न झालेल्या माणसाचा वाटावा. बायको म्हणायची, "सवत आणलीत घरात, दोन चाकांची."

मुलगी मागे लागायची. "बाबा, मला पण न्या ना." तिच्याकडे लहान सायकल होती. हा नाही म्हणायचा. एकदा फारच हट्ट केला तेव्हा चिडून बोलून गेला, "ती एकच जागा आहे जिथे एकही पोर नाही. तेवढी तरी राहू दे मला!"

पोरगी सायकल ओढत आत गेली. त्याला वाईट वाटलं. पण नेलं नाही.

ती रात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारची. चंद्र नव्हता. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि थेंब संपले होते. ते थेंब मिळायचे तलावाच्या पलीकडच्या दवाखान्यात. बायको म्हणाली, बसने जा. हा म्हणाला, सायकलने जातो, तेवढीच चक्कर. गेला. औषध घेतलं, शर्टाच्या खिशात टाकलं, खिशाचं बटण लावलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरशी दोन शब्द बोलला. परत निघाला तेव्हा उजेड संपत आला होता. मोठ्या रस्त्यावर ट्रकची रांग. त्याने खालची वाट धरली.

अर्धी वाट झाली असेल. पूर्ण अंधार पडला होता. सायकलला पुढे छोटा दिवा, त्याचा उजेड चार हात. बाकी काळं. उजवीकडे पाणी आहे हे फक्त गारव्याने कळायचं. हा मजेत होता, हे लक्षात घ्या. घाबरलेला वगैरे मुळीच नव्हता. अगदी सुखात होता.

आणि मागून आवाज आला, "काका..."

त्याला वाटलं, झालं, आता इथेही कानात यायला लागलं. त्याने पॅडल मारलं.

"काका, माझी चेन पडली."

आता सांगा, पोरांना पोचवण्यात आयुष्य गेलेला माणूस. थांबणार नाही तर काय करेल? वळला. वाटेच्या कडेला एक मुलगी, लहान सायकल धरून उभी. त्याच्या मुलीएवढीच असेल. हा आधी ओरडलाच तिच्यावर. "एवढ्या अंधारात एकटी काय करतेस इथे? घरचे कुठे आहेत?"

"पुढेच राहतो आम्ही."

त्याने मोबाइलचा दिवा लावून दातांत धरला आणि खाली बसला. उजेड चेनवर. त्यामुळे चेहरा काही दिसला नाही. हात दिसले, हँडल धरलेले, बारीक. आणि केसांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं. पोहायला गेली असेल, त्याला वाटलं. चेन चढवली, पॅडल उलटं फिरवून बघितलं. मग हात पुसायला रुमाल काढला. बोटं बघितली, तर काळी झालीच नव्हती. चेनला हात लावा आणि बोटं काळी होत नाहीत, असं कधी झालंय? नुसती ओली होती. गार.

"चल, तू पुढे हो. मी मागून येतो," हा म्हणाला.

"मला अंधारात दिसत नाही. तुमच्याकडे दिवा आहे. तुम्ही पुढे व्हा."

बरोबरच होतं. हा पुढे झाला. मागून लहान सायकलची करकर. थोडं गेल्यावर त्याने मान वळवली, तर मागून लगेच, "मागे बघू नका काका, पडाल."

हेही बरोबरच होतं. अरुंद वाट, एका बाजूला पाणी.

"अजून किती लांब?"

"पुढेच."

मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्ही पोंपों काका ना?"

याला हसू आलं. "तू कशी ओळखतेस मला? माझ्या गाडीत तर नाहीस. कुठल्या शाळेत जातेस?"

"शाळेत नाही जात. तुमची गाडी दिसते रोज. पुलावरून जाते ना."

"हो."

"खालून दिसते."

 पुलाखाली वस्ती आहे की काय, आठवायला लागला. नव्हती. पुलाखाली पाणी होतं. फक्त पाणी.

तेवढ्यात त्याला जाणवलं, सायकल हलत नाहीये. म्हणजे चालत होती, पण खड्डे लागत नव्हते. दगड, मुळं, काही नाही. दिवा खाली होता, त्या उजेडात बघितलं तर डांबरी रस्ता. रुंद. दोन्ही कडेला चुन्याने रंगवलेले दगड, ओळीने. या वाटेवर तो रोज यायचा. असा रस्ता इथे नव्हता.

रस्ता उताराचा होता.

पॅडल मारायची गरज नव्हती. सायकल आपोआप चालली होती. त्याने ब्रेक हलकेच दाबला. मागची करकरही हलकी झाली.

"पुढेच," ती म्हणाली. याने विचारलंच नव्हतं.

मग पुढच्या चाकाला गारठा लागला. पायांवर शिंतोडे उडाले. त्याने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. पाय खाली टेकवला. बूट घोट्यापर्यंत पाण्यात.

रस्ता पाण्यात जात होता. मध्येच तुटलेला नाही. सरळ, कडेच्या पांढऱ्या दगडांसकट, खाली खाली गेलेला. दिव्याच्या उजेडात पाण्याच्या आतले दगड सुद्धा दिसत होते. एक... मग एक... मग अंधूक...

तुम्हाला माहीत असेल, नसेल. तो तलाव मूळचा नाही. बांध घातला तेव्हा खाली एक गाव होतं. सगळे वेळेत उठून गेले, असं सांगतात.

"काका, थांबलात का? घर आलं ना."

"कुठे?"

"हे काय. खाली."

तो मला म्हणाला, "दादा, पळायला हवं होतं. पण परतीच्या वाटेवर ती उभी होती. पुढे पाणी, मागे ती. मी कुठे जाणार?" आणि मग, म्हणाला, तोंडातून जे निघालं ते मी बोललोच नाही. सवय बोलली.

"घरी कोणी आहे का?"

"आई आहे."

"मग हाक मार तिला. आई दिसल्याशिवाय मी तुला सोडणार नाही."

 मग अगदी जवळून, पाठीशीच,

"माझी हाक तिला ऐकू जात नाही. तुम्ही वाजवा ना."

त्याने हँडलवरची घंटी वाजवली. दोनदा.

काही नाही.

पाणी स्थिर.

मग... खाली कुठेतरी... कडी निघाली. दाराची कडी. आपण रोज ऐकतो तसा आवाज, फक्त पाण्याखालून.

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. काठाकडे आलं. त्याच्या बुटांशी येऊन थांबलं.

"उशीर झाला आज."

बाईचा आवाज. रागाचा नाही, भीतीदायक नाही. दिवसभर राबून दमलेल्या बाईचा असतो तसा. रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या दारातून त्याला हे वाक्य ऐकू यायचं. आणि तो रोज जसं उत्तर द्यायचा तसंच त्याने दिलं.

"चेन पडली होती."

लहान सायकल त्याच्या शेजारून पुढे गेली. त्याला खालचं तेवढं दिसलं. चाक. दोन बारीक पाय, पॅडल मारत. पाणी उडालं नाही. फुटलं नाही. नुसतं बाजूला झालं.

मग पुन्हा तो आवाज. लांबून, दार लावता लावता.

"उद्या वेळेवर आणा."

कडी लागली.

घरी कसा आला ते त्याला आठवत नव्हतं. दारातच सासूबाई. "एवढा वेळ? डोळे जायची वेळ आली माझी!" याने खिशाचं बटण काढून थेंबांची बाटली दिली. बायकोने विचारलं, बूट कसे भिजले? म्हणाला, पाणी होतं वाटेत.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बस चालवली. पुलावरून जाताना समोर बघत राहिला, खाली नाही. संध्याकाळी सायकलला हात लावला नाही. सासूबाईंच्या शेजारी टीव्हीसमोर बसला. बायकोला आश्चर्य. सासूबाईंना तर जावई सुधारला असंच वाटलं. याने आवाज वाढवायला सांगितला. आणखी वाढव म्हणाला.

मुलगी बाहेर फाटकाशी खेळत होती. धावत आत आली.

"बाबा, आपलं तेलाचं डबडं कुठंय?"

"कशाला?"

"बाहेर एक मुलगी आलीये. तिची चेन पडलीये."

हा उठून उभा राहिला. 

"मी तिला घरी सोडून येऊ का हो बाबा? ती म्हणाली, तू चल माझ्याबरोबर. जवळच राहते ती. पुढेच."

त्याने पोरीला दंडाला धरून आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. पोरगी रडायला लागली, बायको ओरडायला लागली, सासूबाई टीव्ही बंद करून ओरडायला लागल्या. हा कोणाशी बोलला नाही. सायकल काढली. फाटक उघडलं. रस्त्यावर कोणीच नव्हतं. फाटकासमोर तेवढी एक ओली जागा, हातभर.

त्याने तिकडे बघून म्हटलं, "चल."

आणि मागून करकर ऐकू आली.

सगळं तसंच झालं. उतार, दगड, पाणी. त्याने घंटी वाजवली. कडी निघाली. आणि ती बाई काही बोलायच्या आत हा बोलला. मान खालीच. हात जोडलेले. मला सांगताना सुद्धा त्याचे हात आपोआप जुळले होते.

"बाई, माझ्या घरी एवढीच मुलगी आहे. तिला हाक मारू नका. माझ्या दारात पाठवू नका. मी येईन. रोज इथे वाटेवर येईन आणि पोचवीन. पाऊस असो, काही असो. पण माझ्या दारात नको."

पाण्यावरचं वर्तुळ त्याच्या बुटांशी येऊन थांबलं.

मग, "वेळेवर या."

आणि तो गेला, मुलांनो. त्या दिवसापासून रोज. पावसात, थंडीत. शाळेला सुट्टी असायची, याला नसायची. कुठल्या लग्नाला मुक्कामाला म्हणून आला नाही कधी. गावाला गेला तर संध्याकाळच्या आत परत. लोक कौतुक करायचे, काय शिस्त आहे, या वयात रोज सायकल! एका तरुण डॉक्टरने तर पेशंटना त्याचं उदाहरण द्यायला सुरुवात केली होती. तो हसायचा. ज्या माणसाने दिवसातला एक तास एकटं राहायला मिळावं म्हणून सायकल घेतली, त्याला तो तास पुन्हा कधी मिळाला नाही.

मला कसं कळलं? एकदा मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याला सणकून ताप. अंगाला हात लावला तर चटका बसेल असा. आणि हा उठून बूट घालतोय. मी फाटकात आडवा उभा राहिलो. म्हटलं, माझ्या अंगावरून जावं लागेल तुला. तेव्हा त्याने तिथेच, फाटकाच्या खांबाला टेकून, हे सगळं सांगितलं. आत्ता तुम्हाला सांगितलं तेवढं. सांगून झाल्यावर घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "दादा, आता सोडा. तिला वाट बघायला लागते."

मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय. एकट्याला कसं सोडायचं? म्हटलं, मी येतो मागून, स्कूटरवर. "नका येऊ," म्हणाला. मी गेलो.

तो पुढे, मी मागे. एका जागी तो थांबला, वाकला, हवेत काहीतरी केलं, पुन्हा निघाला. बोलत होता अधूनमधून. "हो? मग?" असं. आपण पोरांशी बोलतो तसं. मला करकर ऐकू आली नाही. खरं सांगतो, मला काही ऐकू आलं नाही. मला डांबरी रस्ताही दिसला नाही. चिखल दिसला आणि पाणी.

पाण्याशी तो थांबला. मी स्कूटर बंद केली. त्याने घंटी वाजवली. दोनदा. मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "आजही चेन पडली होती." मग, "हो. जरा कसकस आहे."

मला त्या तापलेल्या माणसाची इतकी कीव आली. डोळे भरून आले माझे.

आणि मग तो, मान न वळवता, हळूच म्हणाला,

"दादा... त्या विचारतायत, मागे हे कोण आहेत."

मी स्कूटरचं हँडल घट्ट धरलं.

"विचारतायत... यांना येते का सायकल?"

 हवा थांबली होती. एक पान हलत नव्हतं.

मग माझ्या साडूने उत्तर दिलं. मोठ्याने, स्पष्ट, गाडीचा ड्रायव्हर दारातल्या माणसाला सांगतो तसं.

"माझे साडू आहेत ते. त्यांना सायकल येत नाही. अजिबात येत नाही. त्यांचं काही काम नाही इथे."

तुम्ही मला सारखे चिडवता ना, मामा सायकलवर का बसत नाही? येते मला. चांगली येते. पण त्या माणसाने माझ्यासाठी जे सांगितलं, ते मी खोटं कसं पाडू?

तो गेला या फेब्रुवारीत. दुपारी जेवून आडवा झाला, उठलाच नाही. कोणाला त्रास नाही, काही नाही. आम्ही सगळे जमलो. त्याला पोचवून घरी आलो तेव्हा दिवस मावळत होता. बायका आत. मुलगी आता मोठी आहे, परगावी नोकरी करते. ती वाटेत होती, रात्री उशिरा पोचणार होती. आणि एकदम माझ्या मनात आलं... आज कोण जाणार?

मी कोणाला काही बोललो नाही. खुर्ची घेतली आणि फाटकाला आतून टेकून बसलो. त्याची सायकल तिथेच पोर्चमध्ये स्टँडवर उभी होती, माझ्या हाताशी. लोक म्हणाले, आत या, गारठा आहे. म्हटलं, बरं वाटतं इथे. मुलगी आली. तिला मी स्वतः फाटकातून आत घेतलं, खांद्याला धरून, आणि कडी लावून पुन्हा बसलो. बाहेरून कोणी काही म्हटलं, कसलाही आवाज दिला, तरी हे फाटक उघडू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

कोणी आलं नाही.

मधल्या प्रहरी पावसाची एक अवेळी सर येऊन गेली. मग पुन्हा शांत. एकदा एक कुत्रं आलं, फाटक हुंगून निघून गेलं. बस. उजाडलं.

उजाडल्यावर मी उठलो आणि चालत तलावावर गेलो. का गेलो, सांगता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी सांगायला हवं होतं, असं काहीतरी वाटलं असेल. की आता तो येणार नाही. त्याला रजा द्या.

वाटेवर माणूस नव्हता. सरीने सगळी माती धुऊन सारखी केली होती. जुना एकही माग नाही. कोरी पाटी जशी. तो जिथे थांबायचा तिथे मी पोचलो, आणि तोंडात आलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

ओल्या मातीत चाकांचे दोन माग होते. ताजे. एक बारीक, लहान चाकांचा. दुसरा रुंद टायरचा, आणि त्यात ठरावीक अंतरावर एक आडवी रेघ. मी तसाच घरी आलो. पोर्चमध्ये त्याची सायकल होती तिथेच होती, कोरडी ठणठणीत. मी वाकून मागचं चाक फिरवलं. टायर एका जागी फाटला होता, तिथे त्याने रबराचं जाड ठिगळ बांधलं होतं. आडवं.

मी रात्रभर त्या सायकलीला खेटून बसलो होतो.

आणि ते माग एकामागे एक नव्हते. शेजारी शेजारी होते. गप्पा मारत जावं तसे, अगदी हाताच्या अंतराने, थेट पाण्यात गेले होते.

वर येणारा एकही नव्हता.